हातात राहणारा साप

आयर्लंडमध्ये साप नाहीत. रानात नाहीत, शेतात नाहीत, बांधावरच्या दगडांत नाहीत. फार जुन्या काळी एका संताने सगळ्यांना समुद्रात हाकलून दिलं असं इथली माणसं सांगतात, आणि सांगताना गालात हसतात. अशा या देशात मी जवळजवळ वीस वर्षं साप विकले. माझी आई शेवटपर्यंत पुण्यात शेजारपाजारी सांगत राहिली की आमची वैजू तिकडे "शोभेच्या वस्तूंच्या दुकानात" असते. बिचारीचं अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

पुण्यात मी ज्युनियर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे. नवऱ्याला डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्यामागे इथे आले. माझी डिग्री इथे कुणी विचारेना. घरात बसून भिंती बघायचा कंटाळा आला, तेव्हा बसस्टॉपजवळच्या एका दुकानात शिरले. काचेच्या पेट्या, उबदार दिवे, आणि काउंटरमागे मॉरीन नावाची धिप्पाड मालकीणबाई. तिच्या गळ्यात अजगर होता आणि ती त्याच अवस्थेत सँडविच खात होती. मी म्हटलं, "जेवताना नका घेऊ त्याला, वासाने गोंधळतो." तिने सँडविच खाली ठेवलं आणि विचारलं, "नोकरी पाहिजे का?" झाली माझी मुलाखत.

नवऱ्याने या वीस वर्षांत दुकानात एकदाही पाऊल टाकलं नाही. मला न्यायला यायचा तेव्हा रस्त्यापलीकडे गाडीत बसून हॉर्न वाजवायचा. घरी एक तरी साप पाळावा ही माझी इच्छा राहूनच गेली, कारण घटस्फोटापेक्षा सापाशिवाय राहणं मला सोपं वाटलं. या वर्षी मॉरीनने दुकान लेकीच्या हातात दिलं आणि मीही थांबले. आता सांगायला मोकळी आहे.

आधी धंदा काय असतो ते सांगते, कारण साप म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक तर टोपली येते नाही तर काठी. इथे पाळायला मिळतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले, बिनविषारी, मेलेला उंदीर खायची सवय लावलेले साप. येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना एकच गोष्ट हवी असते, हातात घेता येणारा साप. आणि मी त्यांना पहिल्याच वाक्यात नाराज करायचे. "सापाला तुमचं प्रेम नको आहे," मी म्हणायचे. "तुम्ही त्याला झाड वाटता. गरम झाड. काही साप त्या झाडावर मुकाट राहतात, काही राहत नाहीत. आपल्याला मुकाट राहणारा शोधायचाय, बस."

शोधायची माझी एक पद्धत होती. मॉरीनला मी त्या पद्धतीचं नाव सांगितलं होतं, "बघण्याचा कार्यक्रम", आणि तिला ते इतकं आवडलं की तीही तिच्या आयरिश उच्चारात "बगन्याचा" म्हणू लागली. गिऱ्हाइकाने साध्या साबणाने हात धुवायचे, घड्याळ-अंगठ्या काढायच्या, सुगंधी क्रीम लावलं असेल तर पुन्हा धुवायचे, आणि स्टुलावर बसायचं. मग मी एकेक साप आणायचे. वरून झडप घालून धरायचं नाही, घार तशी धरते. बाजूने हात घालायचा, पोटाखाली आधार द्यायचा आणि मग काहीही करायचं नाही. हे काहीही न करणंच लोकांना जमत नाही. मी सापाकडे कमी आणि माणसाच्या हातांकडे जास्त बघायचे. सापाच्या मानेचा इंग्रजी एस झाला, अंग ताठरलं, की साप नको म्हणतोय. जीभ संथपणे आतबाहेर करत पुढे सरकला, तर पसंती आहे. पोहे तेवढे नसायचे.

नमुने खूप पाहिले. नावन नावाच्या गावाहून एक दंडावर गोंदवलेला पठ्ठ्या आला होता. त्याला "डेंजरस" काहीतरी हवं होतं. त्याची नजर गेली झाडावर राहणाऱ्या हिरव्यागार अजगरावर. दिसायला पाचूची माळ आणि स्वभावाने माझी मोठी जाऊ. मी म्हटलं, हा नुसता बघायचा, हातात घ्यायचा नाही. त्याने माझी पाठ वळताच बोट घातलं. मग रक्त, मग किंचाळणं, मग मॉरीनचा चहा. जाताना तो एक गरीब स्वभावाचा, जेमतेम हातभर लांबीचा साप घेऊन गेला आणि पुढे वर्षानुवर्षं त्या सापाच्या वाढदिवसाचे फोटो पाठवत राहिला. मॉरीन त्या पठ्ठ्याला कायम "युअर मॅन विथ द फिंगर", म्हणजे तो बोटवाला, म्हणायची. सँट्रीच्या फ्लॅटमधली नागपूरची दोन पोरं आली होती, एमएस करणारी. त्यांना साप हवा होता कारण तो आठवड्यातून एकदाच जेवतो. "काकू, आमच्यापेक्षा बराय ना मग." त्यांना मी सापाऐवजी घरून पिठलं-भाकरी नेऊन दिली.

एक माणूस मात्र अजून मनात सलतो. बायको नुकतीच गेलेले एक निवृत्त मास्तर रॉयल पायथन घ्यायला आले होते. हा अजगर लहान असतो, थंड स्वभावाचा, घाबरला की चेंडू होऊन बसतो. पण तीस-तीस वर्षं जगतो. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे या वेळी मागे राहणारा मी नसेन." आणि हसले. त्यांना तो साप द्यावा की नाही, मला खरंच कळलं नव्हतं. दिला. पुढे त्यांचं काय झालं, सापाचं काय झालं, काही कळलं नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. डब्लिनच्या ओंगार भागात आपली मराठी घरं बरीच आहेत. हळदीकुंकू, गणपती, सगळं दणक्यात. पण माझ्या हातचा डबा उघडताना बायका जरा थबकायच्या. "वैजूताई, हात धुतलेत ना?" असं हसत हसत विचारायच्या. मी म्हणायचे, "नाही गं, अजगराने चाटून स्वच्छ केलेत." आणि याच बायका नागपंचमी जवळ आली की फोन करायच्या, ताई, एक साप आणता का हो घरी, तासाभरासाठी, पूजेला? दर वर्षी मी त्यांना सांगायचे की पाटावर गंधाने नाग काढा, शतकानुशतकं बायकांनी तेच केलंय. रुसायच्या. पण मी साप कधी नेला नाही.

या सगळ्यांत कल्याणी वेगळी. ती फोन न करता दुकानात आली, दुपारची, बरोबर मुलगी. इरा, दहा-अकरा वर्षांची. जून महिना, बाहेर छान ऊन, आणि पोरीच्या डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. इराला पेट्या बघायला सोडून कल्याणीने मला बाजूला घेतलं.

"ताई, ती केस उपटते," ती म्हणाली. "स्वतःचे."

अभ्यास करताना, टीव्ही बघताना, झोप येत नसली की, बोटं आपोआप डोक्याकडे जायची. एकेक केस. मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग उघडा पडला होता. शाळेत टोपी घालायची परवानगी घेतली होती. तेल झालं, डॉक्टर झाले, रागावून झालं, रडून झालं. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रागावू नका, कारण शोधत बसू नका, हाताला दुसरं काम द्या. कुत्र्या-मांजराच्या केसांनी इराला दमा व्हायचा. लोकर, मणी, रबरी चेंडू, सगळं चार दिवस चाललं. मग एक दिवस तीच म्हणाली, साप.

"मला सापाची भयंकर भीती वाटते हो," कल्याणी म्हणाली. "पण मी घेईन. तुम्ही फक्त असा द्या की ती रोज हातात घेऊ शकेल. रोज, ताई. परत जर त्याच्यावरूनही तिचं मन उडालं ना, तर माझ्याकडे पुढे काहीच नाहीये."

लोक माझ्याकडे साप मागायचे. ही बाई भलतंच काहीतरी मागत होती, आणि तिला वाटत होतं की ते माझ्या कपाटात आहे.

बघण्याचा कार्यक्रम केला. इराने हात धुतले, स्टुलावर बसली. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तरं मात्र पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. मी आधी रॉयल पायथन आणला, सगळ्यांत शांत म्हणून. तो तिच्या डाव्या मनगटाला वेढा घालून बसला, ढिम्म. इरा खूश. कल्याणीचा श्वास परत सुरू झाला. मीसुद्धा मनात म्हटलं, जमलं. आणि तेवढ्यात तिचा उजवा हात वर गेला आणि टोपीच्या कडेखाली शिरला. तिला स्वतःला पत्ताच नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रॉयलला एकच हात पुरतो. दुसरा मोकळा राहतो.

मग कॉर्न स्नेकचं एक पिल्लू आणलं. हा अमेरिकेतला साप, मक्याच्या कोठारात उंदरांमागे फिरणारा, आपल्या धामणीच्या गोतावळ्यातला. पण पिल्लू बावरट निघालं, बोटांतून सुळसुळ पळालं आणि जाता जाता घाण करून गेलं. इरा नाक धरून हसली. शेवटी मागच्या पेटीतून एक मोठी मादी काढली. नारिंगी रंग, शेपटीचं टोक वाकडं. एका घरातून परत आलेली होती आणि शेपटीमुळे तिला कुणी विचारत नव्हतं. ही कॉर्न मादी हातात आली की चालायला लागायची. घाई नाही, भीती नाही, पण थांबणंही नाही. उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात, मध्ये बोटांच्या फटींतून डोकावत. तिच्यासाठी एकामागून एक हात पुढे करत राहावं लागतं. इराचे दोन्ही हात पुढे होत राहिले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. टोपीकडे एकही हात गेला नाही.

"चावणार नाही ना?" कल्याणीने विचारलं.

"चावू शकते," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "गुलाबाचा काटा लागावा तेवढं. पण ही चावेल असं वाटत नाही. आणि रोज म्हणालीस, तर तेही जमणार नाही. जेवल्यावर दोन दिवस हिला कुणी हात लावायचा नाही, नाही तर खाल्लेलं सगळं बाहेर येतं, आणि साप ओकला की तो आजारी पडतो. कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधी होतात, तेव्हाही नाही. तेव्हा तिला नीट दिसत नाही, ती घाबरते."

इराने मान वर केली आणि इंग्रजीत विचारलं, मग त्या दिवशी मी माझ्या हातांचं काय करू?

मी म्हटलं, त्या दिवशी तिची पेटी साफ कर. लंगडं उत्तर होतं आणि तिलाही ते कळलं. पण ती मादी इरा घेऊन गेली. नाव ठेवलं बिस्किट.

आणि काय सांगू, चाललं. रोज संध्याकाळी अर्धा तास बिस्किट. कल्याणी मला मधूनमधून फोटो पाठवायची, इराच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे. आधी नुसती त्वचा, मग करडी छटा, मग बारीक खुंट. असले फोटो बघून कुणी आनंदाने ओरडतं का? मी ओरडायचे. नवरा म्हणायचा, आता काय झालं? मी म्हणायचे, केस आले. जेवणाचे दोन दिवस जड जायचे, त्या दिवसांत चार केस जायचेच. पण पोरीची गाडी पुढे चालली होती.

त्याच उन्हाळ्यात, जुलैत, कल्याणीच्या सासूबाई आल्या. सांगलीकडच्या. खणाची चोळी, नऊवारी, ठणठणीत आवाज. त्यांना टोपीचं खरं कारण सांगितलं नव्हतं. "इथे फॅशन आहे," असं मंदार, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणाला होता. सापाला बघून त्या पहिल्या दिवशी लांब उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "नागोबा, पोरीला संबाळ." त्या दिवसापासून घरात नागोबा होता आणि आजींचं त्याच्याशी बरं जमलं होतं. त्या त्याला बिस्कुट म्हणायच्या.

श्रावण आला. आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी दिंडांच्या पुरणात घालायला वेलदोडे, खवायला नारळ, असं सगळं शोधता शोधता आजी मागच्या शेडमधल्या छोट्या फ्रीझरपाशी पोचल्या. आत आइस्क्रीमचा डबा. आता आपल्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधी असतं का? आजींना वाटलं, खवलेलं खोबरं असेल. उघडला. आत रांगेने झोपलेले पांढरे उंदीर.

"श्रावणात! घरात मेल्यालं उंदीर! आन् त्ये बी आइस्क्रीमच्या डब्यात!" आजींनी घर डोक्यावर घेतलं. कल्याणी ऑफिसात, इरा मैत्रिणीकडे. मंदार बिचारा घरून काम करत होता, मीटिंगमध्ये. डबा आत्ताच्या आत्ता रिकामा झाला पाहिजे, सणाला घरात हे चालणार नाही, असा हुकूम. मंदारला उंदीर फेकवेनात, इरा ओरडली असती. त्याने काय करावं? दोन मोठे उंदीर गरम पाण्यात टाकून बिस्किटला खाऊ घातले, एकदम दोन, उरलेले शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये पोचते केले. वर आजींना म्हणाला, "तिची गटारी राहिली होती ना, ती झाली." आणि हे कुणाला सांगायचं तो चक्क विसरला. विसरला की घाबरला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी कल्याणीकडे डझनभर बायका जमल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका घरात खराखुरा साप होता! इराला कुणी काही विचारलंच नाही, तिच्या हातात बिस्किट देऊन तिला पाटाशेजारी बसवलं. हळद लागली, कुंकू लागलं, मेंदीच्या हातांनी प्रत्येकीने पाठीवरून हात फिरवला, फोटो झाले. आणि दिंडांच्या ताटाशेजारी, कार्पेटवर, बिस्किटने कालचं सगळं जेवण बाहेर काढलं.

बायकांनी किती आरडाओरडा केला त्याची वर्णनं मला नंतर पाच जणींनी पाच प्रकारे ऐकवली. मला फोन आला तो कल्याणीचा, आणि ती फक्त एवढंच बोलली, "ताई, तिनं ओकलं. या ना."

दुकान बंद करून गेले. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही, लख्ख उजेड होता. बायका पांगल्या होत्या. बिस्किट पेटीच्या कोपऱ्यात डोकं लपवून पडली होती, डोक्यावर हळद. मी कोमट पाण्याचं फडकं करून हळद हलकेच पुसली, अंग चाचपलं. अशक्त लागत होती. साप ओकतो तेव्हा पोटातलं आम्लही बाहेर पडतं, आतून सोलवटतो. पुन्हा घाईने खाऊ घातलं किंवा हाताळलं तर पुन्हा ओकतो, आणि मग वाचेलच असं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, दोन आठवडे हात लावायचा नाही. कुणीही नाही. त्यात दहा दिवस जेवणही नाही.

इरा जिन्यावर बसली होती. टोपी मांडीवर. मी पहिल्यांदाच तिला टोपीशिवाय पाहिलं. छान दाट खुंट उगवले होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची दोन बोटं त्यांत शिरली, एक पकडला, ओढला.

माझं टाळकं सटकलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि आजींवर तोंडाचा पट्टा सोडला. शिक्षिकेचा आवाज आहे माझा, साठ पोरांच्या वर्गाला पुरणारा. सण, सोवळं, नवस, सगळं काढलं. नागाची पूजा करता आणि नागालाच मारायला निघता, असंही म्हणाले. मंदार "ताई, माझी चूक आहे" म्हणत होता, त्यालाही गप्प केलं. आजी ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या,

"चुकलं माझं. जीव जायाचा मुक्या जनावराचा. पण बाई, दोन आठवडं पोरीनं हात कुठं ठेवायचं, त्ये बी सांगून जावा."

कल्याणीने चमकून सासूकडे पाहिलं.

"मला काय दिसत न्हाई व्हय?" आजी म्हणाल्या. "टोपी घालून जेवती, टोपी घालून निजती. फ्याशन म्हनं. हितं आले त्याच दिशी मला कळलं. तुमी बोलला न्हाई, मी बोलले न्हाई."

मला घरी न्यायला नवरा गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, "मेला का साप?" मी म्हटलं, "गाडी चालव."

ते दोन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. फोन करायचा धीर होईना. कल्याणीकडूनही डोक्याचा एकही फोटो आला नाही. मॉरीन म्हणायची, "शी'ल बी ग्रँड," म्हणजे होईल ती ठीक, आणि ती सापाबद्दल बोलतेय की मुलीबद्दल, मी विचारलं नाही. साप वाचेल अशी मला बरीच खात्री होती. पोरीची नव्हती. मी दिलेला उपाय होता तो, आणि तोच आता पेटीत बंद होता. डोक्यावर पुन्हा ते तळहाताएवढं टक्कल मला दिसायचं. पुन्हा टोपी. आणि कल्याणी म्हणाली होती, पुढे माझ्याकडे काहीच नाहीये.

मुदत संपली त्या शनिवारी ते सगळे दुकानात आले. मंदारच्या हातात डबा, डब्यात उशीच्या अभ्र्यात बिस्किट, कारण सापाला असंच न्यायची पद्धत असते. मागे कल्याणी. तिच्या मागे इरा, टोपी घालून. आणि सगळ्यांत शेवटी आजी. आजींना बघून मॉरीनने आ वासला आणि मी पण.

आजींच्या डोक्यावर अंबाडा नव्हता. मूठभर पांढऱ्या केसांची कपाळापासून मागे घातलेली अगदी बारीक सागरवेणी होती, टोकाला हिरवी रिबीन, आणि दोन्ही कानांवर चमचमत्या क्लिपा. नऊवारीवर.

"हे काय, आजी?" मी विचारलं.

"नातीनं घातलीया," आजी म्हणाल्या. "दोन वक्ताला इंचरती, दोन वक्ताला येणी घालती. खेळून आली की बसवती मला फुडं. मीच म्हटलं तिला, तुज्या केसाला हात लावू नगं, माजं घे. माजं आता काय राखून ठिवायचंय? पयल्या चार दिशी उपटलं बी तिनं धा-पाच. मी म्हटलं, उपट. दुकतंय का विचारलं तिनं. मी म्हटलं, व्हय, दुकतंय की. तवापासनं उपटलं न्हाई."

कल्याणी खिडकीतून बाहेर बघत होती. इराने टोपी काढली आणि खिशात कोंबली. मी काउंटरमागून वाकून पाहिलं. खुंट होते. होते तिथेच होते, थोडे वाढलेले. एका जागी पातळ झालं होतं, बस. खरं सांगते, जीव भांड्यात पडला. मी "आलेच" म्हणून मागे गेले, फ्रीझरचं दार उघडून त्याच्या आड उभी राहिले आणि डोळे पुसले. गिऱ्हाइकांसमोर रडायची माझी पद्धत नाही.

परत आले, बिस्किटचं वजन करून तिला डब्यात ठेवलं. जरा उतरली होती, पण अंग घट्ट होतं, जीभ बाहेर येत होती. वाचली होती. डोळ्यांवर मात्र किंचित दुधी छटा दिसली. कात यायला लागली होती. नियमाप्रमाणे अजून आठवडाभर हात लावायचा नव्हता. पण मी इराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, मरू दे तो नियम. पोर दोन आठवडे थांबलीय. एक मिनिट घेतली तर काही बिघडत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांना जे करू दिलं नाही ते करायला निघाले होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"घे," मी म्हटलं. "एक मिनिट."

इरा पुढे आली. हात धुऊनच आली होती. दोन्ही हात डब्यावर आणले, बाजूने, वरून नाही, मी शिकवलं होतं तसे. आणि थांबली. वाकून तिने बिस्किटच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नो," ती म्हणाली. "शी'ज गोइंग ब्लू."

"अगं, एक मिनिट चालेल," मी म्हटलं. मी! 

"नॉट टुडे," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

तिचे दोन्ही हात क्षणभर तसेच हवेत राहिले. आम्ही सगळे त्या हातांकडे बघत होतो, कल्याणी, मंदार, मी, मॉरीनसुद्धा. मग ती वळली, आजींच्या मागे गेली आणि म्हणाली, "आजी, खाली बस. रिबीन सुटलीये."

आजी नऊवारी सावरत माझ्या त्या स्टुलावर बसल्या.